मदत हवी आहे: आजीची पुस्तकं आणि तिची देवघेवीची वही

आजी जाऊन ४ महिने झाले. मागे राहिली ३५०च्या आसपास पुस्तकं आणि एक वही. कुणी कुठलं पुस्तक नेलं, कधी आणून दिलं, सगळं त्यात टिपलेलं. न परतवणाऱ्यांच्या नावापुढे नुसती फुली. पण पुढच्या पानावर त्याच माणसाला दुसरं पुस्तक दिलेलं! माणसं घरी येत राहावीत म्हणूनच ती पुस्तकं देत असावी, असा मला दाट संशय आहे.

आता अडचण. समासात तिने पेन्सिलीने शेरे लिहिलेत. एका कादंबरीच्या शेवटी: "नायिका मूर्ख. तरी रडले." ही अक्षरं पुसट होत चाललीत. काही पुस्तकांना कसर लागलीय. फाटक्या पानांना मामाने सेलोटेप लावला होता, त्याचे पिवळे डाग पडलेत.

पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून फ्रीझरमध्ये ठेवलं की कीड मरते, हे वाचलंय. घरच्या फ्रीझरमध्ये किती दिवस ठेवायचं? शेऱ्यांचे मोबाइलवर फोटो पुरतील की ३०० डीपीआयवर (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करू? जुना सेलोटेप पान न फाडता कुणी काढलाय का?

शिवाय तिच्या मैत्रिणींच्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात. "आजीबद्दल सांगा" म्हटलं की "फार छान होती गं" एवढंच येतं. म्हणून वहीच घेऊन जावी आणि "हे पुस्तक आठवतंय?" असं विचारावं म्हणते. फुलीवाल्यांना ते पान दाखवू की नको?