आमचा सोफा प. सा.च्या रंगमंचावर

हौशी नाटकात घर ओढलं जातं, मुलांचे हाल होतात, असं लोक म्हणतात. हाल झाले खरे, पण मजाही तेवढीच आली!

बाबा राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवायचे. स्पर्धा जवळ आली की आमच्या घरचा सोफा, तिपाई, भिंतीवरचं घड्याळ सगळं टेम्पोत घालून नाशिकच्या परशुराम साईखेडकर नाट्यगृहात. (१८४० साली सुरू झालेल्या सार्वजनिक वाचनालयाचं ते नाट्यगृह, आम्ही नुसतं 'प. सा.' म्हणायचो.) चार दिवस आम्ही सतरंजीवर बसून जेवायचो. सोफा परत आला की त्याला खिळे मारलेले असायचे. आई त्या खिळ्यांवरून बाबांना पुढची स्पर्धा येईपर्यंत ऐकवायची, आणि तीच विंगेत वही घेऊन प्रॉम्प्टिंगला उभी राहायची. एकदा बाबा वाक्य विसरले, तिनं पुरवलं, यांना ऐकूच गेलं नाही. शेवटी ती इतक्या मोठ्यांदा बोलली की तिसऱ्या रांगेतल्या आजीनं "अगं, हळू!" म्हटलं.

मिशी चिकटवायच्या स्पिरिट गमचा वास आला की आजही मला तालमीनंतरची गार झालेली खिचडी आठवते.

आणि नाशकात हे वेड नवं नव्हतंच. नाटककार शिरवाडकर इथले, नाटककार कानेटकर इथेच कॉलेजात शिकवायचे. गल्लीतल्या वाण्यालासुद्धा नाटकावर मत असायचं, आणि ते तो उधारीच्या वहीसकट ऐकवायचा.

तो सोफा अजून आहे. खिळेही.