गेम फुकटात खेळता आणि वर लालची आम्हालाच म्हणता?

संत्रापेटी:
डोकं तापलंय म्हणून लिहितोय, लांबेल, आधीच सांगतो. मी आणि माझा एक मित्र, दोघंही दिवसा नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कात नोकरी करतो आणि रात्री मोबाइल गेम बनवतो. दीड वर्ष घालून एक पझल बनवला. कळमना मार्केटात ट्रकमध्ये संत्र्याच्या पेट्या रचायच्या, पेटी तिरपी बसली की खालची संत्री दबतात आणि व्यापारी भाव पाडतो. किंमत ७९ रुपये, एकदाच द्यायचे, जाहिरात एकही नाही. गुगलचे १५ टक्के गेले की ६७ उरतात, त्यातून टॅक्स, आणि चित्रं काढणाऱ्या मुलीचे पैसे अजून पूर्ण दिलेले नाहीत.

परवा धरमपेठेत तर्री पोहे खात होतो तर शेजारच्या बाकड्यावर एक पोरगा चक्क आमचा गेम खेळत होता. छातीच फुगली हो! वाकून बघतो तर स्क्रीनखाली जाहिरातीची पट्टी. आमच्या गेमात पट्टी नाहीच. घरी येऊन शोधलं तर सगळा प्रकार कळला, कुणीतरी आमची एपीके, म्हणजे गेमची इन्स्टॉल फाइल, उघडली, गेम विकत घेतलाय का हे बघणारा लायसन्सचा चेक उडवला, स्वतःच्या खात्याच्या जाहिराती घुसवल्या, नव्यानं स्वतःची डिजिटल सही ठोकली आणि 'मॉड, सगळ्या लेव्हल अनलॉक' म्हणून ही फेरफार केलेली कॉपी वाटतोय. म्हणजे गरिबांना वाटणारा दानशूर वगैरे कुणी नाही, आमच्या पेट्यांवर त्याचं दुकान चालू आहे. आणि तो पोरगा काय म्हणाला माहीत आहे? "मस्त आहे भाऊ गेम, पण ॲड लय येतात, बनवणारा लालची दिसते." पोहे तसेच ठेवून उठलो.

हॉस्टेल_रूम_१२:
भाऊ तुमचं दुःख समजून राह्यलो, पण खोटं कायले बोलू, मी पण मॉडवालाच आहे. तुमचा गेम पण मॉडमधूनच खेळून राह्यलो. सेकंड इयरले आहो, मेसचे पैसे भरले की जे उरते त्यात रिचार्ज अन् चहा. फुकट भेटला म्हणून खेळलो, नसता भेटला तर खेळलोच नसतो, मंग तुमचं नुकसान झालं कुठून? ट्रकमधून पेटी उचलून नेली असती तर गोष्ट वेगळी, इथं तर पेटी तुमच्याजवळच आहे ना बाप्पा.

गोकुळपेठची_काकू:
चहाचा हिशोब मला नको सांगूस रे, माझा पण मुलगा हॉस्टेलातच आहे. सात चहा कमी प्यायले की ७९ होतात. आणि फुकट फुकट म्हणतोस ते फुकट नसतंच. आमच्या भाच्यानं असाच कुठलातरी मॉड टाकला, त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली आणि यानं दिली. अरे, गाड्या पळवायच्या गेमला तुझे एसएमएस कशाला पाहिजेत? ओटीपी कुठे येतो, एवढा विचार करायचा. नशीब, खात्यात काही नव्हतंच.

जुना_जावावाला:
रूम १२ चं म्हणणं एकदम मोडीत काढू नका. २०१५ च्या जानेवारीत मॉन्युमेंट व्हॅली हा गेम बनवणाऱ्या यूएसटू कंपनीनं आकडा सांगितला होता, अँड्रॉइडवरच्या इन्स्टॉलपैकी फक्त ५ टक्के पैसे देऊन घेतलेले, आयफोनवर ४० टक्के. झालं, बाकी ९५ टक्के चोर म्हणून बोंब उठली. पण त्यांनीच नंतर खुलासा केला की एकच माणूस फोन आणि टॅब दोन्हीवर टाकतो, ते पण त्यातच मोजलं गेलंय. तेव्हा एक कॉपी म्हणजे एक गिऱ्हाईक गेलं हा हिशोब चूक.

पण म्हणून नुकसान शून्य हे तर त्याहून चूक. डेड ट्रिगर हा गेम घ्या, २०१२ चा, डॉलरभर सुद्धा किंमत नव्हती, तरी अँड्रॉइडवर इतकी चोरी झाली की बनवणाऱ्या मॅडफिंगर कंपनीनं तो फुकट करून टाकला. अल्टोज ॲडव्हेंचर हा गेम आयफोनवर २०१५ ला विकत आला आणि २०१६ ला अँड्रॉइडवर आला तो फुकट, जाहिरातींसकट, कारण तेच. आता गेम उघडला की रत्नं घ्या, नाणी घ्या, तीस सेकंदाचा व्हिडिओ बघा, हे जे डोक्याला ताप झालंय ना, ते असं फुकट्यांच्या पायीच आलंय. स्वस्तात एकदा घ्या आणि शांत खेळा, ही जी सोय होती ती आपणच घालवली.

वाडी_नाका:
हे नाही पटत. आयफोनवर चोरी करणं एवढं सोपं नाही, तरी तिथं पण गेम फुकट अन् आत दुकानच आहे ना? पैसा त्याच्यात जास्त आहे म्हणून कंपन्या तिकडं गेल्या, पायरसी फक्त निमित्त.

अन् पैसे देऊन तरी काय दिवे लागले? आयफोनवरचा इन्फिनिटी ब्लेड गेम मी विकत घेतला होता. २०१८ च्या डिसेंबरात एपिक कंपनीनं त्याचे तिन्ही भाग स्टोअरवरून काढून टाकले. आता माझ्या धाकट्या भावाले खेळायचा आहे, पैसे हातात घेऊन उभा आहे, कोणाले देऊ सांगा. अशा वेळी कोणी जुनी कॉपी सांभाळून ठेवली असन तर त्याले चोर म्हणायले मी तयार नाही.

संत्रापेटी:
@वाडी नाका, बंद पडलेल्या गेमचं बोला, मी तुमच्या बाजूनं आहे. पण आमचा गेम स्टोअरवर आहे हो, आत्ता, ७९ ला. नाही आवडला तर दोन तासांच्या आत गुगल पैसे परत देतं.

पंचनामा:
कायद्यात काय आहे ते सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ६३ब. कॉम्प्युटर प्रोग्रामची चोरीची कॉपी आहे हे माहीत असून वापरली तर किमान ७ दिवस ते कमाल ३ वर्षं कैद, दंड ५० हजार ते २ लाख. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद न देता ५० हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. कागदावर एवढं आहे. आता ठाण्यात जाऊन "साहेब, माझ्या संत्र्याच्या पेट्या मोबाइलमधून चोरल्या" असं सांगून बघा, आधी तुमचीच चौकशी होईल.

हॉस्टेल_रूम_१२:
७ दिवस? मेस तरी फुकट भेटन.

कोड_अन्_खर्रा:
दादा, तुम्ही चेक फोनवर ठेवता म्हणून उडतो. फोनवर जे आहे ते ज्याच्या हातात फोन आहे त्याचंच. 'विकत घेतला का' या प्रश्नाचं उत्तर कोडमध्ये एका जागी हो किंवा नाही येतं, क्रॅकवाला तिथं कायमचं हो लिहून टाकतो, संपलं. सर्व्हरवर न्या.

संत्रापेटी:
नेलं असतं. पण मग नेट नसलं की पैसे देणाऱ्यालाच गेम बंद. निन्टेंडोनं २०१६ ला सुपर मारिओ रनला चोरीच्या भीतीनं सतत नेट लागेल असं केलं, तेव्हा लोकांनी किती शिव्या घातल्या आठवतं ना? आमचं अर्धं गिऱ्हाईक वर्धा पॅसेंजरमध्ये बसून खेळतं, बुटीबोरी गेलं की रेंज गुल. चोराच्या पायी त्यांना का शिक्षा? आणि सर्व्हरचं बिल कोण भरणार, तो पट्टीवाला?

कोड_अन्_खर्रा:
मग ग्रीनहार्ट या गेम कंपनीसारखं करा. त्यांचा 'गेम डेव्ह टायकून' नावाचा गेम, २०१३, आधी कॉम्प्युटरवर आला होता. त्यांनी स्वतःच क्रॅक, म्हणजे चेक उडवलेली, म्हणून एक कॉपी फुकट डाउनलोडच्या टोरेंटवर टाकली, त्यात गेम कंपनी चालवता चालवता पायरसीमुळंच तुमचं दिवाळं निघतं. पहिल्या दिवशी ९३.६ टक्के लोक तीच कॉपी खेळत होते, आणि त्यातलेच काही विचारत फिरत होते की पायरसी थांबवायची कशी. तुम्ही पण एक मॉड सोडा, दहाव्या लेव्हलनंतर सगळी संत्री सडू द्या.

गोकुळपेठची_काकू:
हे भारी आहे. वर माश्या पण घोंगावू द्या.

हॉस्टेल_रूम_१२:
भाऊ बाकी भांडण जाऊ द्या, एक विचारू काय? लेव्हल ३४ च्या पुढं जातच नाही. शेवटची पेटी ठेवली की ट्रकचं फाटक अर्धं लागते अन् गेम हँग. काहून?

संत्रापेटी:
तो १.२ व्हर्जनमधला बग आहे. १.४ मध्ये कधीच काढलाय. तुझ्या मॉडवाल्यानं जुनी उचलली असेल, तो कशाला दुरुस्त करतो. १.४ ला पाऊस पण आहे, वेळेत ताडपत्री टाकावी लागते.

हॉस्टेल_रूम_१२:
ताडपत्री?? एक नंबर भाऊ. १.४ ची एपीके कुठं भेटन?