'राजीनामा झाला' म्हणजे नक्की काय झालं?

शाहूपुरीकर: वाचनालयाच्या विशेषांकासाठी एक हिंदी लेख मराठीत आणतोय. विषय नेहरू-पटेल मतभेद. मूळ वाक्य, 'गांधीजी की हत्या के बाद दोनों में राजीनामा हो गया.' सोबतच्या मित्रानं बिनदिक्कत लिहिलं, 'हत्येनंतर दोघांनी राजीनामे दिले.' देशच वाऱ्यावर सोडला की! तिकडं राजीनामा म्हणजे समझोता. इथं 'दिलजमाई' चालेल?

रंकाळाकाठ: गंमत म्हणजे जानेवारी १९४८ मध्ये पटेलांनी 'मला मोकळं करा' असं गांधीजींना खरंच कळवलं होतं. पण दिलजमाई नको, ती व्याह्याव्याह्यांत होते. १९५० ला टंडन काँग्रेस अध्यक्ष झाले ते पटेलांच्या पाठिंब्यावर, नेहरूंच्या मनाविरुद्ध. दिल कुठं जमलं? 'समेट' लिहा.

मोडीवाचक: राजी + नामा, फारसी. मुळात संमतीचा कागद. आमच्या माळ्यावरच्या पेटीत करवीरातल्या एका जमिनीचा मोडी कागद आहे. वर एकाचा 'राजीनामा', खाली दुसऱ्याची 'कबुलायत'. यानं राजीखुशीनं जमीन सोडायची, त्यानं साऱ्यासकट पत्करायची. जमीन सोडण्यावरूनच खुर्ची सोडणं आलं, असं माझं मत.

शुद्धमराठी: एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? 'त्यागपत्र' आहे ना! महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश काय उगाच करवून घेतला?

पेठेतला: कोश झाला, तरी 'वकील' आणि 'दप्तर' हललं का जागचं? बाबासाहेबांनी १९५१ ला हिंदू कोड बिलावरनं मंत्रिपद सोडलं. त्याला त्यागपत्र म्हटलं तर संन्यास घेतल्यागत वाटतंय. राजीनामा कसा, तोंडावर फेकता येतोय.

शुद्धमराठी: रुळलं म्हणून बरोबर ठरत नाही.

रंकाळाकाठ: एप्रिल १९५० बघा. पाकिस्तानशी नेहरू-लियाकत करार झाला आणि त्यावरूनच श्यामाप्रसाद मुखर्जी मंत्रिमंडळातून बाहेर पडले. हिंदी राजीनामा आणि मराठी राजीनामा एकाच महिन्यात!

पेठेतला: आणि केशवराव जेधे? काँग्रेस सोडून शेतकरी कामगार पक्ष, म्हणजे शेकाप काढला, पुढं परत काँग्रेसमध्ये. ह्याला कुठला राजीनामा म्हणायचा?

रंकाळाकाठ: भावा, शेकापचं काढू नकोस. आमच्यात त्यावरनं अजून जेवताना ताटं सरकतात.

पेठेतला: मग सरकू देत. जेध्यांचं बरोबर होतं का चूक, तेवढं सांग.

शाहूपुरीकर: मंडळी, समेट की दिलजमाई? अंक उद्या छपाईला जातोय.

मोडीवाचक: कबुलायतीत सारा किती लिहिलाय, ते रात्री वाचून सांगतो.