‘कॉक्रोच’मध्ये कोंबडा कुठून आला?

प्रश्न : इंग्रजीत ‘कॉक’ म्हणजे कोंबडा आणि ‘रोच’ म्हणजे गोड्या पाण्यातला एक मासा. मग ‘कॉक्रोच’ या नावात या दोघांचा झुरळाशी काय संबंध जोडला आहे?

उत्तर : काहीच नाही, कारण हा सामासिक शब्द नाहीच. त्याचा विग्रह करायला बसलो की फसगत ठरलेली. मूळ शब्द स्पॅनिश ‘कुकाराचा’. तो ‘कुका’ या अळीवाचक शब्दावरून तयार झाला. ‘आचा’ हा स्पॅनिशमध्ये बहुधा हिणवणारा शेवट असतो. आपण पोराचे ‘पोरटे’ करतो, साधारण त्याच जातीचा.

कॅप्टन जॉन स्मिथ या इंग्रज साहसी प्रवाशाने 1624 साली प्रसिद्ध केलेल्या व्हर्जिनियाच्या इतिहासात बर्म्युडा बेटांचे वर्णन करताना एका ‘इंडिया’च्या किड्याचा उल्लेख आहे. स्पॅनिश लोक त्याला ‘काकारूच’ म्हणतात, तो पेट्यांमध्ये शिरतो, आतल्या वस्तू खातो आणि दुर्गंधी विष्ठेने घाण करतो, असे तो लिहितो. (हे ‘इंडिया’ म्हणजे वेस्ट इंडीज, आपल्याकडचे नव्हे. जुनी ट्रंक उघडल्यावर कपड्यांच्या घडीत काळे कण आणि कोपऱ्यात चिकटलेली राजम्याच्या रंगाची अंड्यांची कुपी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना मात्र हे वर्णन घरचेच वाटेल.) स्मिथच्या ‘काकारूच’मध्ये अजून कोंबडाही नाही आणि मासाही नाही. पुढे इंग्रजी कानांनी या अनोळखी ध्वनींत आपल्या ओळखीचे दोन शब्द ऐकले आणि लेखनही तसेच रूढ झाले.

यालाच लोकव्युत्पत्ती म्हणतात. ‘रिक्रूट’चा ‘रंगरूट’ झाला तेव्हा त्यात रंग कुठे होता? ‘लँटर्न’चे ‘लालटेन’ झाले, पण त्यासाठी काच लाल असावी लागली नाही. इंग्रजीतला ‘क्रेफिश’ तर झुरळाचा सख्खा जोडीदार शोभतो. जुन्या फ्रेंचमधला ‘क्रेविस’ हा शब्द खेकड्याच्या ‘क्रॅब’ या नावाचा नातलग. त्याच्या शेवटच्या अवयवात इंग्रजांना ‘फिश’ ऐकू आला आणि दहा पायांचा, कवचाचा, संधिपाद प्राणी नावापुरता मासा होऊन बसला.

झुरळाच्या बाबतीत मात्र गोष्ट इथे संपत नाही, आणि माझ्या मते खरी गंमत पुढेच आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत ‘कॉक’ या शब्दाचा दुसरा, अश्लील अर्थ सभ्य माणसांना इतका खुपू लागला की अंगणातल्या कोंबड्यालाही ‘रूस्टर’ म्हणण्याचा प्रघात पडला. त्याच संकोचाने ‘कॉक्रोच’मधले ‘कॉक’ गळाले आणि ‘रोच’ उरले. म्हणजे जो कोंबडा शब्दात कधी नव्हताच, त्याला शिष्टाचारासाठी हाकलून देण्यात आले! ‘कुकाराचा’ ध्यानात असते, तर ही छाटणी कुणाला सुचलीच नसती. चुकीची व्युत्पत्ती व्याकरणाच्या दृष्टीने खोटी असली, तरी तिच्यातून जन्मलेला शब्द खोटा ठरत नाही. ‘रोच’ आज अमेरिकी इंग्रजीत झुरळासाठी सर्रास वापरला जातो.

तेव्हा शब्दकोशात ‘रोच’ पाहताना माशाच्या नोंदीवर थांबू नये. झुरळाचा ‘रोच’ हा वेगळाच शब्द आहे. दोघांचे लेखन तेवढे सारखे.