डेलावेअर नदी ओलांडली की गुन्हेगार? राज्याराज्यांचे गन कॅरी कायदे

फ्रिस्कोकर
ऑगस्टमधे टेक्सास सोडून न्यू जर्सीला येतोय, एडिसनलाच, अजून कुठे. सिटिझन आहे, हँडगन आहे, टेक्सासचा कॅरी परवाना (गन सोबत बाळगण्याचा) आहे. इथे १ सप्टेंबर २०२१ पासून रेकॉर्ड साफ असलेल्या २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवायही हँडगन बाळगता येते, तरी मी परवाना ठेवलाय कारण तो बाकी बऱ्याच राज्यांत चालतो. न्यू जर्सीत शून्य किंमत, ते दुसऱ्या कुठल्याच राज्याचा परवाना मानत नाहीत. ड्रायव्हिंग लायसन्स ५० राज्यांत चालतं मग हेच का नाही? राज्यघटना एकच, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती एकच, आणि हद्द ओलांडली की कालपर्यंतचा कायदा पाळणारा माणूस थेट तुरुंगात. पटतं का हे कुणाला?

जर्सीची_ताई
मला पटतं. लायसन्सचं उदाहरण तुम्हीच दिलंत म्हणून विचारते, परीक्षा न देता गाडीचं लायसन्स देणारं एक तरी राज्य दाखवा. तुमच्याकडे तर परवानाच लागत नाही म्हणजे परीक्षेचा प्रश्नच मिटला. आमच्याकडे २०२२ च्या कायद्यानंतर नात्यातले नसलेले चार ओळखीचे लोक तुमच्याबद्दल चांगलं सांगणारे लागतात, नेमबाजी करून दाखवावी लागते. एवढं सगळं आमच्या लोकांनी करायचं आणि बाहेरून येणाऱ्यानं नुसतं आय-९५ हायवेवरून गन कंबरेला लावून यायचं?

फिलीकर
ताई, डेलावेअर नदीच्या पलीकडच्या काठावर राहतो म्हणून सांगतो. पेनसिल्व्हेनियात परवाना २० डॉलर, ५ वर्षं, ट्रेनिंगची अट नाही. उघड दिसेल अशी बाळगायची तर फिलाडेल्फिया शहर सोडून परवानाही नको. आता २०१३ ची केस ऐका, फिलीतली एक आई, परवाना असलेली, जर्सीत गाडी थांबवली तेव्हा तिनं स्वतःहून पोलिसाला सांगितलं की माझ्याकडे गन आहे, परवाना आहे. अटक. साडेतीन वर्षं सक्तीची शिक्षा डोक्यावर टांगलेली. २०१५ मधे गव्हर्नर ख्रिस क्रिस्टींनी माफी दिली म्हणून सुटली. खरं बोलल्याबद्दल ही वागणूक! कुणाचं काय भलं झालं यातून?

जर्सीची_ताई
ती केस वाईटच होती आणि म्हणूनच २०१४ मधे आमच्या राज्याच्या ॲटर्नी जनरलनी सरकारी वकिलांना सूचना दिल्या की दुसऱ्या राज्यातल्या अशा लोकांना सरळ जेलकडे ढकलू नका. चूक दुरुस्त केली, कायदा कशाला फेकायचा? आणि जर्सी, न्यूयॉर्कमधे गुन्ह्यात सापडणाऱ्या बहुतेक गन बाहेरच्या राज्यांतून आलेल्या असतात, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

क्वीन्सचा_पक्या
न्यूयॉर्कची गंमत बघा. आधी परवान्यासाठी 'खास कारण' दाखवावं लागायचं, म्हणजे साहेबाला पटलं तर मिळणार, नाही तर नाही. सर्वात वरच्या ओळखी असलेल्यांना मिळायचा, टॅक्सीवाल्याला नाही. जून २०२२ मधे सुप्रीम कोर्टानं ब्रुएन केसमधे ६-३ नं ते उडवलं. लगेच अल्बनीनं, म्हणजे राज्य सरकारनं, नवा कायदा आणला, १६ तास क्लास, २ तास रेंजवर नेमबाजी, आणि टाइम्स स्क्वेअर, सबवे, पार्क सगळीकडे बंदी. परवाना घेऊन माणसानं जायचं कुठे, स्वतःच्या किचनमधे?

ह्यूस्टनची_मृण्मयी
पक्या 😄 पण टेक्सास म्हणजे मोकळं रान असं समजू नका. बारच्या दारावर ५१% ची लाल पाटी (निम्म्याहून जास्त कमाई दारूची, असा अर्थ) असली की गन आत न्यायची नाही. दुकानदाराला नको असेल तर कायद्यातल्या ३०.०६ कलमाची पाटी लावतो, तीही इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्हीत आणि अक्षरं इंचभर उंच, नाही तर पाटी ग्राह्य धरत नाहीत. मला स्वतःला परवान्याची सक्ती बंद केलेली आवडली नाही. क्लासमधे निदान कधी गोळी झाडता येते आणि कधी नाही हे तरी कानावर पडायचं.

मिनेसोटाचा_अण्णा
एक मुद्दा कुणीच काढला नाही. २०१६ मधे इथे फिलांडो कॅस्टिल या कृष्णवर्णीय माणसानं गाडी थांबवणाऱ्या पोलिसाला सांगितलं की माझ्याकडे गन आहे. परवाना होता त्याच्याकडे. पुढच्या काही सेकंदांत गोळ्या. पोलीस २०१७ मधे निर्दोष सुटला. तेव्हा फ्रिस्कोकरभाऊ, तुमचा परवाना ५० राज्यांत चालला तरी रात्री अकराला रस्त्याच्या कडेला टॉर्च मारणारा माणूस आधी तुमचा रंग बघणार.

फ्रिस्कोकर
अण्णा, हा पोलिसांचा दोष झाला, म्हणून हक्क सोडायचा का? माझा मुद्दा तोच, नियम एक असेल तर गोंधळ कमी. २०१७ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या हाउसनं परस्पर मान्यतेचं (एका राज्याचा परवाना बाकीच्यांनी मानायचा) बिल २३१-१९८ नं पास केलं होतं, सेनेटमधे अडकलं.

जर्सीची_ताई
अडकलं तेच बरं. ते पास झालं असतं तर सगळ्यात ढिल्या राज्याचा नियम सगळ्यांना लागू. आणि बिल आणणारे हेच म्हणे राज्यांच्या हक्कांचे कैवारी!

फिलीकर
फ्रिस्कोकर, वाद चालू राहू दे, तू सामानाचं बघ. १९८६ च्या फेडरल कायद्यानं राज्यातून नुसतं जाताना गन रिकामी, कुलपात, ट्रंकमधे असेल तर संरक्षण आहे. पण त्यावर फार विसंबू नकोस. २००५ मधे युटाचा एक माणूस अॅलनटाउनला निघालेला, नेवार्कला पुढची फ्लाइट चुकली, बॅग घेऊन रात्री हॉटेलात राहिला, सकाळी नियमाप्रमाणे गन जाहीर केली आणि पकडला. पुढे केस काढून टाकली पण त्यानं भरपाईसाठी लावलेला दावा कोर्टानं २०१० मधे फेटाळला, कारण हॉटेलात बॅग त्याच्या हाताशी होती. आणि १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर जर्सीत २०१८ पासून बंदी आहे, त्या तिकडेच विकून ये.

नवा_एचवन
मधेच विचारतो, मी एच-वनवर (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर) आहे, रूममेट सिटिझन आहे आणि त्याची गन घरात आहे. टेक्सासमधे परवाना लागत नाही तर मला चालेल ना?

ह्यूस्टनची_मृण्मयी
नाही!! हा फेडरल नियम आहे, टेक्सास असो की व्हर्माँट. एच-वन, एफ-वनवाल्यांना (म्हणजे स्टुडंट व्हिसावाल्यांनाही) गन आणि गोळ्या दोन्ही जवळ ठेवायला बंदी, शिकारीचं लायसन्स वगैरे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. रूममेटला सेफ घ्यायला सांग, किल्ली किंवा कोड तुझ्याकडे अजिबात नको, आणि रेंजवर जायच्या आधी इमिग्रेशन वकिलाला फोन कर.

फ्रिस्कोकर
मॅगझिनचं माहीत नव्हतं, धन्यवाद फिलीकर. ताई, एडिसनला आलो की चहाला येतो. त्या चार नावांत तुमचं एक टाकू का?

जर्सीची_ताई
चहाला या. नावाचं बघू.