रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह, हे चांगलं की वाईट?

कोपरीची_सून: सासूबाईंची ब्रेस्टची बायोप्सी झाली, कॅन्सर निघाला. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेकला (कॅन्सर सेंटरला) जायचंय. रिपोर्टमध्ये ईआर, पीआर पॉझिटिव्ह आणि हर२ निगेटिव्ह आहे, पॉझिटिव्ह वाचूनच घरात रडारड सुरू झालीय. कोणी सांगेल का?

स्लाइडवाला: रडू नका हो. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, पेशीतलं एक प्रोटीन, ते इस्ट्रोजेन हे हार्मोन पकडतं आणि पेशीला वाढायला सांगतं. पीआर तसंच, प्रोजेस्टेरॉन या हार्मोनसाठी; हर२ हे पेशी वाढवणारं वेगळं प्रोटीन. ईआर आहे म्हणजे हार्मोन अडवणाऱ्या गोळ्या चालायची शक्यता चांगली. बहुतेक ब्रेस्ट कॅन्सर याच प्रकारचे असतात.

घणसोलीकर: हा रिसेप्टर शोधला शिकागोचे शास्त्रज्ञ एलवूड जेन्सन यांनी. १९५०च्या दशकाच्या शेवटी त्यांनी इस्ट्रोजेनला रेडिओअ‍ॅक्टिव्ह हायड्रोजन लावून ते शरीरात कुठे जातं ते बघितलं, तर गर्भाशयासारख्या ठराविक ठिकाणीच ते टिकून राहत होतं आणि तेही न बदलता, म्हणजे धरून ठेवणारं काहीतरी तिथे असणारच ना! त्याआधी हार्मोन बंद करायला ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांच्या ओव्हरी, अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढायचे आणि फायदा थोड्याच जणींना, बाकीच्यांचं ऑपरेशन फुकट. रिसेप्टर तपासून कोणाला उपयोग होईल हे आधी कळायला लागलं. जेन्सनना २००४ ला लास्कर हा वैद्यकीय संशोधनाचा मोठा पुरस्कार मिळाला, नोबेल नाही, मला तरी हा अन्यायच वाटतो.

कोपरीची_सून: थँक्यू दादा! मग किमो नाही लागणार?

स्लाइडवाला: ते गाठ केवढी, काखेत पसरलंय का, यावर डॉक्टर ठरवतील. पाळी गेलेली असेल तर बऱ्याचदा लेट्रोझोलसारखी इस्ट्रोजेन कमी करणारी गोळी देतात, निदान पाच वर्षं, मध्येच बंद करू देऊ नका. आणि जाताना नुसता कागद नको, बायोप्सीच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉक (मेणात ठेवलेला तुकडा) पण लॅबमधून मागून घ्या.