शासकीय कार्यालयातील तांत्रिक तज्ज्ञांना घरून काम करता यावे, यासाठीच्या प्रस्तावाला मदत हवी आहे

मी एका शासकीय कार्यालयाच्या संगणक शाखेत आहे. आमचे सर्व्हर सांभाळणारे अभियंते आणि जीआयएस (संगणकीय नकाशे व भौगोलिक माहिती प्रणाली) तज्ज्ञ, ज्यांत बहुतेक कंत्राटी आहेत, एकामागून एक खासगी कंपन्यांत जात आहेत आणि जाताना पगारापेक्षाही रोजच्या हजेरीच्या सक्तीचे कारण आधी सांगतात. म्हणून अशा पदांना आठवड्यातील काही दिवस घरून काम करण्याची मुभा मिळावी, असा प्रस्ताव मी तयार करत आहे.

आधार म्हणून माझ्यासमोर केंद्रीय कार्मिक मंत्रालयाचा मे २०२० मधील मसुदा आहे. त्यात वर्षाला १५ दिवस घरून काम करण्याची कल्पना मांडली होती, मात्र गोपनीय फायली घरून हाताळू नयेत, अशी अटही होती. ती अट मला योग्यच वाटते. परंतु वर्षाला १५ दिवसांनी कोणताही कुशल अभियंता टिकणार नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी कोणी राज्य शासनात किंवा महानगरपालिकेत असा प्रस्ताव मंजूर करून घेतला आहे का? बायोमेट्रिक हजेरीऐवजी कामाची नोंद कशी ठेवली, व्हीपीएनवरून (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित जोडणी) सर्व्हरपर्यंत पोहोचण्याची परवानगी कोणाच्या स्वाक्षरीने दिली आणि लेखापरीक्षणात आक्षेप आला असल्यास त्याला काय उत्तर दिले, हे कृपया सविस्तर कळवावे. कंत्राटी तज्ज्ञांच्या करारनाम्यात यासाठी कोणते कलम घातले, हे समजल्यास फारच उपकार होतील.